चित्रकलेच्या तासाला दारची शेळी

(शिक्षक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चित्रकलेच्या शिक्षकाला व्याख्यानासाठी बोलावण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. स्नेहसंमेलन जवळ आले, पाहुण्यांच्या नावाचा फलक रंगवायचा राहिला, की आमची आठवण होते. फळ्यावर सुविचार लिहायला आम्ही, इतर विषयांचा शिक्षक रजेवर असला तर त्याच्या तासाला बसायलाही आम्हीच. तेव्हा आज मला माझ्याच विषयावर बोलायला उभे केलेत, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो.

पाचवी ते सातवीच्या मुलांकडून प्राणी आणि पक्षी या विषयावर चित्रांचा एखादा प्रकल्प कसा करून घ्यावा, हे मला सांगायचे आहे. वरवर पाहता विषय अगदी साधा आहे. पण आपल्यासारख्या शाळांत त्याच्या पोटात दोन अवघड प्रश्न दडलेले असतात. मुले चित्र काढतात पण प्राणी पाहत नाहीत, हा पहिला. काही घरांत सजीवांचे चित्र काढणे पसंत नसते, हा दुसरा. पहिल्यावर आपण व्यासपीठावरून बोलतो; दुसऱ्यावर फक्त शिक्षकांच्या खोलीत, तेही हळू आवाजात. आज मी दोन्हींवर बोलणार आहे.

कोणत्याही वर्गात जा आणि "आवडता प्राणी काढा" म्हणून सांगा. निम्मी मुले दोनचा आकडा लिहून त्याचे बदक करतील. ज्यांनी आयुष्यात सिंह पाहिलेला नाही ती सिंह काढतील, आणि त्या सिंहाला माणसासारख्या भुवया असतील. कुणी जिराफ काढेल. आकाशात उडणारे पक्षी म्हणजे दोन वाकड्या रेघा, हे तर ठरलेलेच. पण ज्या मुलाच्या दारात शेळी बांधलेली आहे, जो सकाळी तिला बाभळीचा पाला घालून शाळेत आला आहे, तो शेळी काढणार नाही. शेळी हा काही "चित्रातला प्राणी" नव्हे, अशी त्याची समजूत आम्हीच करून दिलेली असते. बाजारातल्या तयार तक्त्यांनी आणि आकड्यांच्या बदकांनी फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या बदकातून मूल आकडा शिकत नाही आणि बदकही शिकत नाही.

म्हणून या प्रकल्पाच्या पहिल्या तासाला कागद-पेन्सिल काढूच देऊ नये. नुसते प्रश्न विचारावेत. शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल असते, उभी असते की आडवी? शेपटी वर उचललेली असते की लोंबते? मेंढीची कशी असते? कोंबडीच्या पायाला पुढे किती बोटे, मागे किती? गाय उठते तेव्हा आधी पुढचे पाय उचलते की मागचे? चिमणा आणि चिमणी दुरून कशी ओळखाल? सगळा वर्ग एका सुरात चुकीचे उत्तर देतो, आणि मग भांडणे सुरू होतात. भांडणे होऊ द्यावीत. उत्तर सांगू नये. "उद्या पाहून या" एवढेच सांगावे. दुसऱ्या दिवशी मुले वर्गात शिरतानाच ओरडतात की बाहुली आडवी असते, पाटीवर आडवी रेघ ओढावी तशी. मांजराची मात्र उभी. शेळीची शेपटी वर असते, मेंढीची लोंबते. गाय मागचा भाग आधी उचलते आणि घोडा पुढचा, हे एखादा टांगेवाल्याचा नातू सांगून जातो. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो. आणि एखादी मुलगी हमखास असे काही पाहून येते जे आपल्यालाही ठाऊक नसते.

माझ्या वर्गात एका खाटकाचा मुलगा होता. अभ्यासात मागे, तासाला शेवटच्या बाकावर, आणि वडिलांचा धंदा विचारला की मान खाली घालणारा. शेळीचे मागचे पाय सगळ्या वर्गाने माणसाच्या गुडघ्यासारखे पुढे वाकवून काढले होते. या एकट्याच्या पाटीवर तो सांधा मागे वाकलेला होता. मी विचारले, असा का काढलास? तो उठला आणि सांगू लागला, की हा गुडघा नव्हेच, ही टाच आहे. शेळी बोटांवर चालते, खरा गुडघा वर पोटाजवळ कातडीखाली असतो. मग फळ्याजवळ येऊन त्याने खडूने हाडे काढून दाखवली. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जे मोठमोठ्या नावांनी लिहिलेले असते ते त्या मुलाला दुकानाच्या ओट्यावर बसून माहीत झाले होते. त्या दिवसापासून वर्गात कुणाचा पाय चुकला की मुले माझ्याकडे न येता त्याच्याकडे जाऊ लागली. तो पुढे फार मोठा चित्रकार झाला, असे मी सांगणार नाही. तो धंदाच करतो. पण त्या वर्षी तो शेवटच्या बाकावर बसला नाही.

पाहणे ही गोष्ट आपल्या परंपरेत परकी नाही. अल-गाशिया या सूरेत उंट कसा घडवला आहे याकडे लक्ष देण्यास माणसाला सांगितले आहे. सूरांची नावेच पाहा: गाय, मधमाशी, मुंगी, कोळी, हत्ती. आपल्या मुलांना ही नावे पाठ असतात. पण मुंगीला पाय किती, ते शरीराच्या कोणत्या भागाला जोडलेले, हे विचारले की गप्प होतात.

बादशहा जहांगीराच्या पदरी उस्ताद मन्सूर नावाचा चित्रकार होता. 'नादिर-उल-अस्र', म्हणजे आपल्या युगातला अद्वितीय, असा किताब त्याला मिळाला होता. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून एक टर्की पक्षी आणला. हिंदुस्थानात असा पक्षी कुणी पाहिलेला नव्हता. बादशहाने त्याचे चित्र काढून घेतले. १६२१ मध्ये हबशाणातून एक झेब्रा आला (आपल्या निजामशाहीचा मलिक अंबरही मूळचा त्याच मुलखातला, आणि जहांगीराचा हाडवैरी!). दरबारात लोकांना वाटले, हे साधेच जनावर असून कुणीतरी त्यावर पट्टे रंगवले आहेत. तेव्हा बादशहाने नीट तपासणी करवली आणि नंतरच आपल्या आठवणींत लिहून ठेवले की हे रंगकाम खुद्द निर्मात्याचेच आहे. मन्सूरची ही दोन्ही चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चारशे वर्षे झाली, तरी टर्कीच्या मानेवरची सुरकुती न् सुरकुती मोजता येते. आधी तपासणे आणि मग काढणे, हा क्रम मुलांना समजावून सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट मला सापडलेली नाही.

एवढ्या दूर जायचे नसेल तर आपल्या गावातच पाहा. गाव म्हणजे आपले नगर. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. विजापूरच्या बुरुजावर असलेली 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ मध्ये आपल्या नगरमध्ये ओतली गेली. ओतणारा कारागीर मुहंमद बिन हसन रूमी. तोफेचे तोंड म्हणजे जबडा वासलेल्या सिंहाचे मुख, आणि त्याच्या दाढांखाली चिरडला जाणारा चिमुकला हत्ती. आणि बाग रौझ्याच्या आवारात पश्चिमेच्या दरवाज्याबाहेर जी कबर दाखवतात ती गुलाम अली नावाच्या हत्तीची, असे सांगतात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत रामरायाला पकडणारा हत्ती तो हाच. मुलांना तिथे न्यावे. हत्तीची कबर ही कल्पनाच त्यांना इतकी भावते की परत येताना प्रत्येकाच्या डोक्यात एक हत्ती चालत असतो.

आता दुसरा प्रश्न.

एकदा प्रकल्पाच्या तिसऱ्या तासाला एक मुलगा कोरा कागद घेऊन बसला होता. विचारले तर म्हणाला, "सर, अब्बा बोले जानदार की तस्वीर नक्को निकालो." वर्गातली दोन-चार मुले हसली. मी त्यांना गप्प केले, कारण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. सजीवांच्या चित्रांबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत आणि ते फार जुने आहेत. एका चित्रकाराने हजरत इब्न अब्बास यांना विचारले असता त्यांनी त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिला, असे हदीसमध्ये येते. हजरत आयेशा यांच्या खेळण्यांत कापडाचे पंख लावलेला घोडा होता; घोड्याला पंख कसे, असे विचारल्यावर त्यांनी हजरत सुलेमानांच्या घोड्यांचा दाखला दिला आणि पैगंबर साहेब मनापासून हसले, हेही हदीसमध्येच येते. उलेमा यावर आपापल्या परीने निर्णय देतात. मुलांच्या चित्राला एक परवानगी देईल, दुसरा देणार नाही. हा निर्णय चित्रकलेच्या शिक्षकाने करायचा नसतो. तसाच तो त्या अकरा वर्षांच्या मुलावरही टाकायचा नसतो. घर आणि शाळा यांच्या मध्ये मूल उभे करून "आता तूच ठरव" म्हणणे, यासारखा दुष्टपणा नाही. आणि त्याला कोपऱ्यात बसवून "तू नुसती फुले काढ" म्हणणे हेही तितकेच वाईट. कारण मग तो प्रकल्पातून बाद झाला, हे साऱ्या वर्गाला कळते.

माझ्यापुरता मार्ग मी असा काढला, की प्रकल्पाची व्याख्याच बदलली. प्राण्याचे चित्र काढायचे नाही. प्राण्याचा शोध घ्यायचा आणि तो कागदावर मांडायचा. ज्याला प्राणी काढायचा आहे त्याने प्राणी काढावा. ज्याला नाही त्याने प्राण्याने केलेले काम काढावे: घरटे, जाळे, पोळे, वारूळ, ओल्या मातीतले ठसे, गळालेले पीस, सोललेली मक्याची कणसे. दोघांना गुण सारखे आणि दोघांची चित्रे एकाच भिंतीवर.

हा मार्ग दुय्यम आहे, असे कृपा करून समजू नका. उलट तो जास्त अवघड आहे. मधमाशीचे पोळे घ्या. कंपासने वर्तुळ काढावे, तीच त्रिज्या परिघावर मोजत गेले की बरोबर सहा वेळा बसते. ते सहा बिंदू जोडले की षटकोन. एकाला एक षटकोन चिकटवत गेले की मध्ये फट राहत नाही. वर्तुळे चिकटवली तर फटी राहतात. मग माशीने कोणता आकार निवडावा? इथे भूमितीचे सर आणि चित्रकलेचे सर एकाच फळ्यासमोर उभे राहतात. जुन्या इमारतींच्या दगडी जाळ्यांत हेच षटकोन मुलांना पुन्हा भेटतात. कोळ्याचे जाळे तर आपल्या मुलांना सौरच्या गुहेच्या कथेमुळे जिव्हाळ्याचे असते. गुहेच्या तोंडावरचे जाळे आणि कबुतराचे घरटे काढा म्हटले की ती रंगून जातात. पण आधी खरे जाळे पाहायला लावावे. मधून निघणाऱ्या सरळ दोऱ्या आधी, आणि त्यांवरून फिरत जाणारा धागा नंतर, हा क्रम पाहिल्याशिवाय समजत नाही.

त्या कोऱ्या कागदाच्या मुलाने सुगरणीचे घरटे निवडले. चार दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. तक्रार घेऊन आले असावेत, असे वाटून मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत विहिरीवरच्या बाभळीवरून पडलेले एक रिकामे घरटे. "बच्चा कागज पे क्या देख के निकालता?" एवढेच बोलले आणि ते टेबलावर ठेवून गेले. ते घरटे पुढे पाच वर्षे आमच्या कपाटात होते. गवताची प्रत्येक काडी कशी ओवली आहे, कुठे गाठ मारली आहे, हे त्यावरून किती वर्गांनी शिकले! जाता जाता एक गंमत सांगतो. आपण तिला 'सुगरण' म्हणून स्त्रीलिंगी नाव दिले आहे, पण घरटे विणतो तो नर. मादी येऊन ते पाहते, पसंत पडले तर राहते. हे सांगितल्यावर मुलींच्या बाकांवर जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

आपल्या जिल्ह्यात विषयांची वाण नाही. अकोल्याच्या डोंगरात डांगी गुरे आहेत. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, आणि कातडीतून तेलकट स्राव येत असल्यामुळे मुसळधार पावसातही ती टिकतात. राजूरला त्यांचे प्रदर्शन भरते. ठिपक्यांची जागा प्रत्येक जनावराची वेगळी, त्यामुळे नक्कल करायची सोयच नाही. संगमनेरी शेळी तर जातिवंत म्हणून देशभर ओळखली जाते. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर, पण सहलीला नेण्याजोगे. नराची शिंगे पिळदार. सरळ काठीला दोरी गुंडाळून ती काठी काढायला लावली की शिंगाचा पीळ हाताला सापडतो. मादीला शिंगे नसतात, हे न पाहता काढणाऱ्याच्या प्रत्येक काळविटाला शिंगे येतात. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगरच्या माळांवर माळढोकासाठीही अभयारण्य जाहीर झाले होते. आज त्या माळावर मुलांना नेऊन "हा पाहा माळढोक" असे सांगण्याची हमी मी देऊ शकत नाही. जे डोळ्यांसमोर आहे ते आज काढून घ्यावे, याचे याहून वेगळे कारण द्यायला नको.

बिबट्याचे मात्र थोडे जपून. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडच्या उसाच्या पट्ट्यातली मुले बिबट्या काढतात तेव्हा तो घरापेक्षा मोठा असतो. ते प्रमाण चुकले म्हणून लाल रेघ मारू नये. रात्री ज्याच्या भीतीने दार लावून बसावे लागते तो प्राणी त्यांना तेवढाच मोठा दिसतो. पुढच्या चित्रात अंगावरचे ठिपके भरीव नसून पोकळ फुलांसारखे असतात, एवढे हळूच सांगावे.

बकरी ईदच्या आधीचे दिवस या प्रकल्पासाठी फार चांगले. घरी बकरा आलेला असतो, मुले त्याच्याभोवती असतात, त्याला नाव ठेवलेले असते. रोज एक रेखाचित्र, पाचच मिनिटांचे: बसलेला, उभा, पाला ओढणारा, पाठमोरा. रवंथ करताना खालचा जबडा एका बाजूला सरकतो आणि वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, हे तेव्हाच दिसते. ईदनंतर काही मुले ती वही उघडायला तयार नसतात. आग्रह करू नये. एकाने बकऱ्याच्या जागी नुसता खुंटा आणि दोरी काढून आणली होती. मी त्यावर काहीही न बोलता तारीख घातली.

पाहण्याने काय होते याचे उदाहरण म्हणून डॉ. सलीम अली यांचे नाव मुलांना जरूर सांगावे. मुंबईतल्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग आहे, हे त्याच्या लक्षात आले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड साहेबांनी पक्ष्यांनी भरलेली कपाटे उघडून दाखवली आणि त्या मुलाचे आयुष्य ठरून गेले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. आपल्या ग्रंथालयात ते असावे. त्यातली रंगीत चित्रे मुलांनी उतरवून काढण्यासाठी नव्हे, तर दारच्या पक्ष्याचे नाव शोधण्यासाठी.

साहित्याचा प्रश्न कुणी काढील म्हणून सांगतो. पाटी-खडू, चुलीतला कोळसा, गेरू, जुन्या दिनदर्शिकांची मागची बाजू आणि टोक ठेचलेली शिंदीची काडी एवढ्यावर हा प्रकल्प झालेला आहे. रंगपेटी ज्याच्याकडे आहे त्याचे चित्र उजवे ठरू लागले की समजावे, आपण काहीतरी चुकीचे मोजतो आहोत. पिंजऱ्यातला पोपट वर्गात आणू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळण्यास मनाई आहे आणि पिंजऱ्यात तो उडताना दिसतही नाही.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना एक विनंती. चित्राखाली अवयवांची नावे उर्दूत आणि मराठीत, दोन्ही लिहून घ्या. वशिंड, पोळी, खूर, आयाळ, तुरा, शेपटीचा गोंडा: हे शब्द मराठीच्या पुस्तकात एकेक करून पाठ होत नाहीत, पण आपण काढलेल्या बैलावर बाण करून लिहिले की विसरत नाहीत. शासकीय रेखाकला परीक्षेला बसणाऱ्यांना याचा वेगळा फायदा होतो. स्मरणचित्रात पोळा किंवा जनावरांचा बाजार आला की पाठ केलेला एकच बैल दहा वेळा काढणारा विद्यार्थी आणि बैल पाहिलेला विद्यार्थी परीक्षकाला लांबूनच ओळखू येतात.

प्रदर्शन मांडाल तेव्हा नंबर काढू नका, आणि चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, पाहुण्यांच्या नव्हे. आईवडिलांना संध्याकाळी बोलवा, म्हणजे कामावरून येता येईल. सुरुवात जूनमध्ये करा. पाऊस पडला की चिखलात ठसे मिळतात, सुगरणी विहिरीवर विणायला लागतात. घरटे मात्र पिल्ले उडून गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, खाली पडलेलेच आणा. आणि पहिल्या तासाला वही आणायला सांगू नका. प्रश्न तेवढे तयार ठेवा.